पहाटेची भट्टी आणि संध्याकाळची कॉफी

पत्राचा सारांश: पत्र लिहिणाऱ्या भगिनी 29 वर्षांच्या आहेत, मूळच्या बेळगाव जिल्ह्यातल्या खानापूर तालुक्यातील आहेत आणि गेली सहा वर्षे पुण्यात नोकरी करतात. सुट्टीच्या दिवशी वर्ग करून त्यांनी बेकिंगचे शिक्षण घेतले आहे, घरी सावरडो ब्रेड आणि केक करून ओळखीच्यांना विकलेही आहेत. आता नोकरी सोडून बेळगावात स्वतःचे कॉफी शॉप आणि बेकरी काढावी, असे त्यांच्या मनात आहे. कॉलेज रोडवरचा एक गाळा महिना 40,000 रुपये भाड्याने मिळत आहे. एकूण खर्च 18 लाख रुपये धरला असून त्यातले 9 लाख साठवलेले आहेत आणि 9 लाख कर्जाने उभे करायचे आहेत. त्यासाठी वडील आपली वीस गुंठे भातशेती तारण ठेवायला तयार आहेत, मात्र मनातून त्यांना हा बेत पसंत नाही. भाषेचा प्रश्न, नामफलक, बंदचे दिवस या साऱ्याची त्यांना काळजी वाटते. आईचे म्हणणे असे की, बेळगावच्याच शहापूर भागातल्या मामांच्या घराचा तळमजला रिकामा आहे आणि मामा भाडेही घेणार नाहीत, तर तिथेच सुरुवात करावी. शहापूरच्या गल्लीत आपल्याला हवे तसे ग्राहक येणार नाहीत, असे या भगिनींना वाटते. नोकरी सोडावी का, कोणती जागा घ्यावी आणि वडिलांना कसे पटवावे, हे त्यांनी विचारले आहे.

उत्तर:

सप्रेम नमस्कार.

तुमच्या पत्राचे तिसरे पान, म्हणजे जमाखर्चाचे पान, मी सर्वांत अधिक वेळा वाचले. मी स्वतः या शहरात 19 वर्षे बेकरी चालवली, त्यामुळे असे पान समोर आले की माझी नजर आधी त्यात काय लिहायचे राहिले आहे, तिकडे जाते. त्या पानाकडे आपण येऊच. पण त्याच्याही आधी, तुम्ही पत्रात दोनदा लिहिलेल्या एका वाक्याविषयी बोलणे मला आवश्यक वाटते. ‘बेळगावात चांगली कॉफी मिळतच नाही, लोकांना ती शिकवावी लागेल,’ असे ते वाक्य आहे.

आपण कर्नाटकात राहतो. देशातली सुमारे 70 टक्के कॉफी याच राज्यात, मुख्यतः कोडगू, चिक्कमगळूर आणि हासन या जिल्ह्यांत पिकते. शहरातल्या कोणत्याही उडुपी हॉटेलसमोर सकाळी साडेसातला जाऊन उभ्या राहा. रिक्षावाले, फिरून परतणारी निवृत्त माणसे, बँकेत निघालेले कारकून असे सगळे स्टीलच्या पेल्यातली फिल्टर कॉफी उभ्याउभ्या घेत असतात. त्या कॉफीत बहुधा चिकोरी असते आणि ती लोकांना आवडते. काढा सकाळचा ताजा आहे की कालचा उरलेला, हे त्यांना पहिल्या घोटात कळते आणि कालचा असेल तर ते पेला ठेवून निघून जातात. जी माणसे घरी चहा घेतात तीही बाहेर आवर्जून कॉफी मागतात. म्हणजे इथल्या ग्राहकाला कॉफी समजत नाही, असे नाही. त्याची चव ठरलेली आहे आणि त्या चवीची त्याच्या मनातली किंमतही ठरलेली आहे. तुमची 110 रुपयांची कापुचिनो त्याला शिकवण म्हणून दिली तर तो ती एकदा घेईल. त्याच्या ओळखीच्या गोष्टीच्या शेजारी एक नवी गोष्ट म्हणून ठेवली, तर काही जण पुन्हा येतील. शहराला काहीतरी कमी आहे या समजुतीवर दुकानाची मांडणी केली की ग्राहक आला नाही तर दोष त्याच्याकडे जातो आणि आपले चुकलेले दर, चुकलेल्या वेळा आपल्याला दिसत नाहीत. म्हणून हे वाक्य आराखड्यातून काढून टाका, अशी माझी विनंती आहे.

दुसरी समजूत अधिक खोल आहे आणि ती केवळ तुमची नाही. निपाणी, संकेश्वर, खानापूर येथून याच विषयावर जी पत्रे येतात, त्या बहुतेकांत ती असते. ‘कॉफी शॉप आणि बेकरी’ हा एक धंदा आहे, असे सगळे धरून चालतात. हे दोन धंदे आहेत आणि त्यांची घड्याळे वेगळी आहेत. लादी पाव सकाळी सात वाजता गरम मिळायला हवा असेल, तर कणीक साडेतीनला मळावी लागते. ती तास-सव्वातास फुगू द्यायची, गोळे करून ट्रेत भरायचे, पुन्हा पाऊण तास ठेवायचे आणि मग भट्टीत घालायचे. बेकरीची निम्मी विक्री सकाळी साडेसहा ते साडेनऊ या वेळात होते. कॉफी शॉपचा ग्राहक मात्र दुपारी चारनंतर येतो, बसतो, गप्पा मारतो आणि रात्री नऊपर्यंत येत राहतो. दुकान आवरून, यंत्र धुऊन, गल्ला मोजून निघायला दहा वाजतात. पहाटे साडेतीन ते रात्री दहा म्हणजे साडेअठरा तास होतात. तुमच्या आराखड्यात भट्टी, काउंटर आणि कॉफी या तिन्ही ठिकाणी ‘मी स्वतः’ असे लिहिले आहे. हे दोन महिने जमेल, तिसऱ्या महिन्यात तुम्ही आजारी पडाल, आणि मालकीण आजारी पडली की पहिला फटका पावाला बसतो, कारण पावाला सुट्टी नसते.

घड्याळाइतकाच जागेचाही फरक आहे. खारीचे पाकीट घेणारा ग्राहक दुकानात अर्धा मिनिट असतो. कॉफी घेणारा एका कपावर पाऊण तास खुर्ची धरतो आणि त्याने ती धरावी, म्हणूनच तर आपण खुर्ची ठेवलेली असते. त्या खुर्चीखालच्या चौरस फुटांचे भाडे त्या एका कपातून निघायला हवे. कॉलेज रोडच्या भाड्यात हे कसे बसते, ते आता तुमच्याच आकड्यांवरून पाहू.

भाडे 40,000, तीन माणसांचे पगार 55,000, वीज आणि गॅस 25,000, दुरुस्ती, पिशव्या, साफसफाई, फोन असे किरकोळ 12,000. हे झाले 1,32,000. तुम्ही इथेच थांबला आहात. यात 9 लाखांच्या कर्जाचा हप्ता मिळवा. 11 टक्के व्याजाने आणि पाच वर्षांच्या मुदतीने तो महिना साधारण 19,500 होतो. तुमचा स्वतःचा पगार 25,000 धरा. ‘मला सुरुवातीला काही नको’ असे तुम्ही लिहिले आहे, पण दुकान ज्याच्या फुकट कष्टांवर चालते ते दुकान नफ्यात नसते, फक्त तसे भासते. एकूण झाले 1,76,500. कच्चा माल आणि नासधूस मिळून विक्रीच्या 35 टक्के धरले, तर प्रत्येक 100 रुपयांच्या विक्रीतून 65 रुपये हाती राहतात. म्हणजे महिन्याला सुमारे 2,71,500 रुपयांची विक्री हवी. महिन्याचे 26 दिवस धरले तर रोज सुमारे 10,450 रुपये, आणि सरासरी बिल 130 रुपयांचे असेल तर रोज 80 बिले.

तुम्ही ‘रोज 40 ग्राहक आले तरी चालेल’ असे लिहिले आहे. 40 ग्राहकांत महिन्याची विक्री 1,35,200 होते आणि माल वगळता हाती 87,880 येतात. हप्त्यासह खर्च 1,51,500 आहे. म्हणजे तुम्ही एक रुपया पगार न घेता दरमहा सुमारे 63,600 रुपयांची तूट येते आणि सहा महिन्यांत ती 3 लाख 80 हजारांवर जाते. ही तूट भरायला तुमच्या 18 लाखांत एक पैसाही राखून ठेवलेला नाही, उलट फर्निचर आणि भिंतींच्या सजावटीला साडेतीन लाख आहेत. हे वाचून वाईट वाटेल, याची मला कल्पना आहे. तरी आकडा कागदावर असतानाच वाईट वाटलेले बरे. एक दिलासाही देते. केकवरचा कर तुम्ही 18 टक्के धरला आहे, तो 22 सप्टेंबर 2025 पासून केक, पेस्ट्री आणि बिस्किटांवर 5 टक्के झाला आहे, त्यामुळे तेवढा आकडा सुधारून घ्या.

आता शहापूर. तुम्ही ‘गल्ली’ हा शब्द ज्या सुरात लिहिला आहे, त्याने मी थोडी थबकले. शहापूर एके काळी सांगली संस्थानात होते. विणकरांची, सराफांची, कष्टाने पैसा जोडणाऱ्या माणसांची ती वस्ती आहे. तिथे सकाळी पाव आणि संध्याकाळी खारी-टोस्ट घेणारे घर प्रत्येक दारामागे आहे. तुम्हाला हवे असलेले कॉफीचे ग्राहक तिथे कमी भेटतील, हे मात्र खरे. म्हणून मामांच्या तळमजल्यावर कॉफी शॉप काढू नका. बेकरी काढा, काउंटरपाशी चार जणांना टेकता येईल असा एक बाक ठेवा आणि फिल्टर कॉफी द्या. हिशेब असा मांडता येईल: भाडे 12,000, दोन माणसांचे पगार 32,000, वीज-गॅस 18,000, किरकोळ 7,000 आणि तुमचा पगार 20,000, एकूण 89,000. पावात नफा कमी असतो, म्हणून 60 टक्केच हाती राहतात असे धरू. रोज सुमारे 5,700 रुपयांची विक्री हवी. बिल सरासरी 60 रुपयांचे धरले तर ही 95 बिले होतात, म्हणजे कॉलेज रोडपेक्षा संख्या अधिकच आहे आणि ती पहिल्या महिन्यात गाठता येणार नाही. मात्र ही अर्ध्या मिनिटाची बिले आहेत, आणि दोन-तीन वडापाव किंवा मिसळवाल्यांना रोजच्या लाद्या बांधून दिल्या तर त्यातला चांगला हिस्सा सकाळी आठच्या आत पुरा होतो. शिवाय भट्टी आणि मिक्सर वापरलेले घेतले तर सारे 6 लाखांत बसवता येते, कर्ज लागत नाही आणि 3 लाख गाठीला राहतात.

मामांना भाडे देण्याचे मी जाणूनबुजून लिहिले आहे. फुकटच्या जागेचे भाडे दुसऱ्या कुठल्यातरी रूपात द्यावे लागते. उद्या मामेभावाचे लग्न ठरले आणि तळमजला हवा झाला, तर तुम्ही कोणत्या तोंडाने नाही म्हणणार? मामा प्रेमाने देत आहेत, त्या प्रेमाचा मान राखूनच पाच वर्षांचा भाडेकरार करा, तो नोंदवा, दरवर्षीची वाढ त्यात लिहा आणि तुम्हाला दीड वर्षानंतर सोडता येईल असे कलमही घाला. अशा कराराने नाते दुरावत नाही. करार झाला की दुसऱ्याच दिवशी शेजारच्या दोन्ही घरी जाऊन पहाटे साडेतीनला मिक्सर सुरू होणार आहे, हे स्वतः सांगा. मिक्सर सामाईक भिंतीला लावू नका आणि त्याखाली जाड रबराची चटई घाला. जुन्या घरांच्या भिंती आवाज पलीकडे जसाच्या तसा पोहोचवतात.

भट्टी गॅसची घ्यावी, असे मी सुचवेन. दोन ट्रे मावणाऱ्या एकाच कप्प्याच्या विजेच्या भट्टीला साधारण 6 ते 7 किलोवॅट लागतात. त्यासाठी थ्री-फेज जोडणी आणि हेस्कॉम या वीज कंपनीकडून वाढीव भार मंजूर करून घ्यावा लागतो. पाव फुगून तयार असताना वीज गेली तर तासाभरात तो खाली बसतो आणि सगळी लादी फेकावी लागते. गॅसच्या भट्टीचा दिवा आणि पंखा इन्व्हर्टरवरही चालतो. सिलिंडर मात्र हवेशीर जागी आणि जिन्यापासून दूर ठेवायला हवेत. मामांच्या घरात तशी जागा आहे का, हे सर्वांत आधी पाहा.

आपल्याकडच्या पावसाळ्याविषयी पुण्यातल्या वर्गात कोणी सांगितले नसेल. माझ्या पहिल्या जून महिन्यात मी खारी काचेच्या मोठ्या बरणीत ठेवत असे. ती दिसायला सुंदर दिसायची. बरणी दिवसातून चाळीस वेळा उघडली जायची. एक वयस्कर गृहस्थ पाकीट परत घेऊन आले आणि काउंटरवर ठेवून म्हणाले, ‘‘बाई, ही खारी दाताखाली मोडत नाही, दाताला चिकटते.’’ त्यांच्यासमोर मी एक तुकडा मोडून पाहिला, तर तो न मोडता वाकला. त्या आठवड्यात तीन किलो खारी मी चुरा करून टाकली. तेव्हापासून खारी पूर्ण निवल्यावर लगेच 200 ग्रॅमच्या पाकिटांत बंद करायची, हा नियम केला. घाईने कोमट असतानाच भरली तर आत वाफ धरते आणि बरणीपेक्षा वाईट गत होते. जून ते सप्टेंबर घाणा लहान ठेवा आणि तो रोजच्या रोज काढा. क्रॉसाँचा तुमचा आग्रह मला समजतो, पण लोण्याचे थर नीट बसायला खोली 20 अंशांच्या आत हवी. ते काम नोव्हेंबर ते फेब्रुवारी, फक्त शनिवार-रविवारसाठी ठेवा. एप्रिलच्या दुपारी लोणी थरांतून वाहून जाते आणि भट्टीतून बाहेर येतो तो तेलकट पाव.

अंड्याचा प्रश्नही आधीच सोडवा. इथल्या लिंगायत आणि जैन ग्राहकांचा पहिला प्रश्न ‘एगलेस आहे का?’ हाच असतो, आणि श्रावणात इतरही अनेक जण तोच विचारतात. सुरुवातीला सारेच बिनअंड्याचे करा. पुढे अंड्याचे केक केलेच, तर भांडी, ट्रे आणि काउंटर वेगळे ठेवा आणि ते ग्राहकाला दिसू द्या. खानापूरकडचा काजू आणि नाचणी तुमच्या घरच्या वाटेवरच आहेत. नाचणीची नानकटाई आणि काजूचे बिस्कीट ही रोज खपणारी वस्तू आहे. कुंदा, म्हणजे आपली बेळगावी दुधाची मिठाई, भरलेला बन करण्याची तुमची कल्पना चवीला छान आहे, पण तिचे अप्रूप महिनाभर टिकेल. त्यावर हिशेब मांडू नका.

कापुचिनोसाठी लागणाऱ्या कॉफीच्या यंत्राचे काय करायचे, तेही आकड्यांतच पाहू. भाजलेल्या बिया 1,200 रुपये किलो धरल्या आणि एका कपाला 18 ग्रॅम लागले, तर साडेएकवीस रुपयांची कॉफीच होते. दूध-साखर धरून कप 30 रुपयांना पडतो आणि 110 ला विकला तर 80 उरतात. फिल्टर कॉफीचा कप 13 रुपयांना पडतो, 30 ला विकला जातो, 17 उरतात. यावरून यंत्रच घ्यावे असे वाटेल. पण यंत्र आणि बिया दळायची दळणी मिळून 3 लाख रुपये गेले, तर नुसते तेवढे वसूल व्हायला 3,750 कप विकावे लागतात. रोज 15 कप खपले तरी 250 दिवस जातात, आणि यात पगार, वीज, भाडे काहीच धरलेले नाही. शिवाय यंत्र बिघडले तर दुरुस्त करणारा माणूस कुठून येणार, हे घेण्याआधी विचारा; पुण्याहून किंवा बेंगळुरूहून येणार असेल तर चार दिवस यंत्रावर फडके झाकून बसावे लागते. पाण्याचेही तसेच आहे. नळाचे पाणी उन्हाळ्यात आटते आणि आपण बोअरवेलवर येतो. माझ्याकडे एका उन्हाळ्यात त्या जड पाण्याने वाफेच्या टाकीत चुन्याचा असा थर धरला की तो काढायला टाकी उघडावी लागली. पाण्याची टीडीएस, म्हणजे त्यात विरघळलेल्या क्षारांचे प्रमाण, 150 च्या आसपास राहील असा फिल्टर यंत्राबरोबरच घ्यावा लागतो, तो खर्च कोणी कोटेशनमध्ये लिहीत नाही.

तेव्हा पहिले सहा-आठ महिने फिल्टर कॉफीच द्या, पण ती मनापासून द्या. चिक्कमगळूर बेळगावहून एका रात्रीच्या प्रवासावर आहे. अरेबिकाची तोडणी साधारण नोव्हेंबर ते जानेवारीत असते, त्या दिवसांत एकदा जाऊन या, मळेवाल्यांशी बोला, थोडा-थोडा माल आणून आपले मिश्रण स्वतः ठरवा. बेंगळुरूच्या कॉफी बोर्डाकडून कॉफीचे शिक्षणही मिळते. ब्राझील आणि व्हिएतनाममध्ये पीक घटल्याने 2024 आणि 2025 मध्ये कॉफीचे भाव कसे चढले, हे तुम्ही पाहिले असेल. म्हणून कपाची किंमत वर्षभरासाठी छापून ठेवू नका. आणि यंत्र घ्यायची वेळ येईल तेव्हा पैसे आधी दळणीवर घाला. दळण एकसारखे नसेल तर महागड्या यंत्रातूनही कडू-आंबट पाणीच निघते.

वडिलांच्या भाषेच्या काळजीला मी हलके मानत नाही. सीमाभागात वाढलेल्या माणसाला तिचे वजन ठाऊक असते. राज्याच्या कायद्यातील 2024 च्या दुरुस्तीनुसार नामफलकाचा 60 टक्के भाग कन्नडमध्ये आणि वरच्या बाजूला हवा. पहिल्या दिवसापासून तसाच फलक लावा, उरलेल्या जागेत मराठी सुंदर अक्षरांत लिहा. नाव असे निवडा की ते दोन्ही लिप्यांत सारखे वाचले जाईल. दरपत्रक तीन लिप्यांत करा. तुम्ही खानापूरच्या आहात, कन्नड समजत असेलच. काउंटरवरचे हिशेबाचे आणि विचारपुशीचे कन्नड सहा महिन्यांत जिभेवर बसते. बेळगावच्या बाजारात एकाच ग्राहकाला कोणी ‘अण्णा’ म्हणते, कोणी ‘दादा’, आणि व्यवहार त्याच्या पुढे सुरळीत होतो. बंदचे दिवस येतात, ते खरेच आहे. पाव नाशवंत असल्याने आदल्या रात्रीच कणीक कमी करावी लागते. वर्षाला असे काही दिवस तोट्याचे धरूनच आकडे मांडा, त्यासाठीच मी महिन्याचे 26 दिवस घेतले आहेत.

कागदपत्रांविषयी थोडक्यात: उलाढालीनुसार अन्नसुरक्षेची नोंदणी किंवा परवाना, महानगरपालिकेचा व्यवसाय परवाना, कामगार खात्याकडची दुकान नोंदणी, व्यावसायिक वीजमीटर आणि तराजूवर वजनमाप खात्याचा शिक्का. घरून केक विकतानाही अन्नसुरक्षेची नोंदणी लागते, ती तुम्ही आतापर्यंत केली नसेल तर याच आठवड्यात करा.

भातशेती तारण ठेवू नका. यावर माझे मत ठाम आहे. तुमचा प्रयोग फसला तर तुम्हाला पुन्हा नोकरी मिळेल, वडिलांना या वयात पुन्हा वीस गुंठे मिळणार नाहीत. पुढे दुकान जम धरू लागले आणि दुसरी भट्टी किंवा कॉफीचे यंत्र घ्यायचे झाले, तर दीड वर्षाची विक्रीची वही घेऊन बँकेत जा. मुद्रा योजनेत 10 लाखांपर्यंतचे कर्ज तारणाशिवाय मिळू शकते आणि तुमची वही तुमच्या बाजूने बोलेल.

आणि नोकरी? आज राजीनामा देऊ नका. आधी बिनपगारी का होईना, पण तीन महिन्यांची रजा मागा, आणि त्यातले दोन महिने बेळगाव परिसरातल्या एखाद्या चालत्या बेकरीत मजूर म्हणून काढा. मालकाला खरे सांगून जा. पुष्कळ जण नाही म्हणतील, एखादा हो म्हणेल. पहाटे साडेतीनचा गजर सलग पन्नास दिवस तुम्हाला कसा वाटतो, हे कोणताही वर्ग सांगू शकत नाही. तिथल्या कारागिराकडून डोळ्याने आणि हाताने शिका, पण तुमच्या वहीत प्रत्येक पाककृती ग्रॅममध्ये उतरवा. उद्या तुमचा कारागीर गावी गेला आणि परतला नाही, तर चव त्याच्याबरोबर जाता कामा नये. पुण्यातच राहून दुकानावर देखरेख करण्याचा विचार मनात असेल तर तो सोडून द्या. रजा मिळालीच नाही, तर नोकरी सोडण्याआधी किमान आठ रविवार मामांच्या ओट्यावर टेबल मांडून विकून पाहा. काय उरले आणि काय संपल्यावरही लोकांनी मागितले, दोन्ही लिहून ठेवा.

वडिलांना पटवण्याविषयी तुम्ही विचारले आहे. त्यांना पटवू नका, त्यांना या कामात घ्या. दिवाळीनंतरचा एक मंगळवार, एक शनिवार आणि शक्य असेल तर पावसाळ्यातला एक दिवस, अशा तीन दिवशी त्यांना मामांच्या दारात खुर्ची टाकून बसवा. सकाळी साडेसहा ते साडेनऊ आणि संध्याकाळी चार ते आठ. किती माणसे दारावरून गेली, कितींच्या हातात पाव किंवा बेकरीची पिशवी होती, ती कोणत्या बाजूने आली, एवढेच त्यांनी वहीत मांडायचे. कॉलेज रोडच्या गाळ्यासमोरही असेच तीन दिवस काढा. तुम्ही मोजलेल्या आकड्यांत तुमची इच्छा मिसळेल आणि वडिलांच्या आकड्यांत त्यांची धास्ती, म्हणून एके दिवशी दोघांनीही एकाच वेळी, वेगवेगळ्या वह्यांत मोजा आणि रात्री जेवण झाल्यावर दोन्ही वह्या शेजारी ठेवा. त्या रात्री मामांनाही बोलवा, कारण भाड्याचा आकडा त्याच वेळी त्यांच्यासमोर काढता येईल.